कुंदाबाईंचे दोन लिटर

सकाळी सात वाजता माझ्या मुलीला पहिला फोन यायचा तो कुंदाबाईंचा. मी तेव्हा ओट्याशी चहा गाळत असायचे. मोहिनी फोन स्पीकरवर ठेवते, कारण ऑक्सिजनची नळी कानांमागून गेलेली असते आणि फोन कानाला टेकवला की टोचतं. त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"कितला?" कुंदाबाई विचारायच्या.

मोहिनी बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरकडे बघून सांगायची, "एकोणनव्वद, अक्का."

"मन्हा त्र्याण्णव. पन तुन्हा हिशोबमा तेच बराबर शे. चाय पिनी का?"

"आई आणतेय."

मग मी चहा घेऊन आत जायचे आणि तोच आकडा मला दुसऱ्यांदा मिळायचा.

मोहिनी सव्वीस वर्षांची आहे. चौथ्या वर्षी गोवरानंतर न्यूमोनिया झाला आणि फुप्फुसं कायमची दुखावली. तेव्हापासून तिच्या प्रत्येक खोकल्याचा आवाज मी ओळखते. गेल्या ऑगस्टमध्ये जळगावच्या छातीच्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लिहून दिला. रोज किमान सोळा तास, दोन लिटर. जाताना त्यांनी मला थांबवून सांगितलं होतं, "हिचं शरीर आतला कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर टाकत नाही. आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव राहिला की पुरे. त्याच्या वर न्यायचा मोह करू नका, श्वास मंदावतो." मी रसायनशास्त्राची पदवीधर. मला ते तिथल्या तिथे समजलं होतं.

मशीन आम्ही बोळात ठेवलं, कारण ते दिवसभर घरघरतं आणि मागून गरम हवा फेकतं. आमच्या उन्हाळ्यात त्याची वेगळी गरज नाही. बोळातून लांब नळी मोहिनीच्या खोलीत जाते. मशीनवर काचेची एक उभी नळी आहे, तिच्यात छोटी गोळी तरंगते. खालचा नॉब फिरवून ती दोनच्या रेषेवर आणायची. ते काम माझं होतं. मोहिनीनं त्या गोळीकडे कधी पाहिलंही नाही.

आठ आठवडे, दवाखाना सोडला तर, ती नळी लावून घराच्या उंबऱ्याबाहेर गेली नाही. बाहेर जायला खांद्यावरच्या पिशवीत मावेल असा छोटा सिलिंडर आणला होता. तो एरवी कपाटात पडून राहिला. डॉक्टरांकडे जाताना ती डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ बांधायची, नुसते डोळे उघडे. मी विनवण्या केल्या, रागावले, एकदा रडलेसुद्धा. ती म्हणाली, "तू लाव नाकात आणि ये फिरून भाजीबाजारातून."

ऑक्टोबरमध्ये दवाखान्याच्या बाकावर कुंदाबाई भेटल्या. साठीच्या, सडसडीत, कपाळावर मोठं गोंदण, नाकात नळी आणि मांडीवर सिलिंडरची पिशवी, भाजीची पिशवी धरावी तशी. त्यांनी स्कार्फच्या आतून येणारी नळी पाहिली आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "व माय, तुले कितला लिटर?"

मोहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "दोन."

"मालेबी दोनच. मंग इकडे सरक, आपन एकच घरन्या."

मोहिनी हसली. आठ आठवड्यांनी हसली. मी तिच्या दुसऱ्या बाजूला बसले होते आणि मला पहिल्यांदा ते जाणवलं, छातीत काहीतरी रुतल्यासारखं. मी ते बाजूला सारलं. चौकशी केली तर बाई आमच्याच मागच्या गल्लीतल्या निघाल्या. मुलगा ललित, मोटार रिवाइंडिंगचं दुकान असलेला, त्याच्याकडे राहायला आल्या होत्या.

कुंदाबाई मूळच्या चोपड्याकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या. नवऱ्याचं नाव उखर्डू. तो गेला तेव्हा ललित सहा वर्षांचा होता. शेत दिराकडे राहिलं आणि हिच्याकडे सासूनं शिकवलेले खापरावरचे मांडे राहिले. पालथं मातीचं खापर, खाली धडधडती चूल आणि पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत रुमालाएवढा पातळ करून अलगद खापरावर सोडायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. लग्नं, डोहाळजेवणं, आखाजी; लोक तीन तीन महिने आधी सांगून ठेवायचे. एका लग्नात त्यांनी पत्र्याच्या शेडखाली बसून पहाटेपासून दुपारपर्यंत चारशे मांडे केले होते, असं ललित सांगतो. त्याला आठवतं कारण तो धुरानं डोळे चोळत बाहेर पळाला होता आणि आई आतच होती.

परक्या खापरावर त्यांचा विश्वास नव्हता. स्वतःचं खापर जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसायच्या. एकदा कंडक्टरनं विचारलं, "बाई, मूल कितक्या वर्षाचं?" या म्हणाल्या, "सहा वरीसनं. पन शाळामा जात नही." कंडक्टरनं लुगडं उचलून पाहिलं आणि पुढच्या थांब्यापर्यंत हसत राहिला. ही गोष्ट मला मोहिनीनं सांगितली, अगदी त्यांच्या आवाजात.

चाळीस वर्षांचा धूर. डॉक्टरांनी विचारलं, बिडी ओढत होता का? तर म्हणाल्या, "मी कसाले बिडी ओढू? लोकेसनी चूलच मन्ही बिडी व्हती." आता त्यांच्याही घरी तसंच मशीन घरघरतं. त्याला त्या पाव्हना म्हणतात. "हाऊ पाव्हना बरा शे. जेवाले मांगत नही, नुसती लाईट खास."

ऑक्सिजन लावलेल्या माणसानं विस्तवाजवळ जायचं नसतं. ज्या बाईचा जन्म चुलीपुढे गेला तिला दहा फूट लांब बसायला सांगितलं. त्यांनी काय केलं, तर अंगणात चुलीपासून दहा पावलं मोजून चुन्याची जाड रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे त्यांची खाट, खिडकीतून बाहेर काढलेली नळी आणि परात. पलीकडे चूल आणि सून. मांडा हातावर घडवायचा तो अलीकडे, मग सुनेनं तो दोन्ही हातांवर घेऊन दहा पावलं जायचं आणि खापरावर टाकायचा. पहिले आठ दिवस निम्मे मांडे रस्त्यातच फाटले. गल्लीतली पोरं ते खायला जमायची. पण रेघ कुणी ओलांडली की कुंदाबाईंचा आवाज चढायचा. "त्या रेघपल्याड मन्हा जीव जास. तुमना काय जास, पुरन?"

मोहिनी तिथं जायला लागली. डिसेंबरात एका दुपारी तिनं कपाटातून तो छोटा सिलिंडर काढला, पिशवी खांद्याला लावली, नळी नाकात घातली आणि स्कार्फ न बांधता मागच्या गल्लीत निघून गेली. मी दारात उभी राहिले. जे पाहायला मी चार महिने देवाला हात जोडत होते ते घडत होतं, आणि मला रडू आलं ते आनंदाचं नव्हतं. तिला मी सांगितलं होतं तेव्हा ती गेली नव्हती.

त्यातून भाषेचं आणखी एक. आमच्या सासरी-माहेरी दोन्हीकडे म्हातारी माणसं अहिराणी बोलायची. मोहिनी शाळेत जायला लागली तेव्हा मीच घरात नियम केला की पोरीशी शुद्ध बोलायचं. आता ती सव्विसाव्या वर्षी त्या अंगणात बसून अहिराणी शिकली. कुंदाबाई माझ्याशी जपून, 'ताई, बसा ना' असं बोलायच्या आणि तिच्याशी मोकळं. "हात ढिला सोड व. कनिक काय तुन्ही नणंद शे का, इतली दाबी राहिनी?" दोघी हसायच्या, मग दोघींना खोकला यायचा, मग खोकल्यावरून हसायच्या. मी डबा घेऊन गेलेली असले तर फाटकाशी उभी राहून हे बघायचे. त्या खाटेवर तिसऱ्या माणसाला जागा होती. मला कुणी बसू नको म्हणालं नव्हतं.

एप्रिल उजाडला. आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, जवळ आली. सासुरवाशिणी माहेरी यायचे दिवस; दरवर्षी या दिवसांत मोहिनी गप्प होते, तिच्या बरोबरीच्या मुली कडेवर पोरं घेऊन येतात. या वर्षी ती गप्प नव्हती. आखाजीचे गल्लीभरचे मांडे कुंदाबाईंच्या अंगणात होणार होते आणि हातावर मांडा घडवायला कुंदाबाईंनी तिचं नाव लावलं होतं. ती मला आरशासमोर उभी राहून हात कसे फिरवायचे ते दाखवायची.

आणि रोज सकाळी तो फोन. हिचा एकोणनव्वद, त्यांचा त्र्याण्णव. मला तो आकडा खुपायला लागला. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बाईचा त्र्याण्णव आणि बावीस वर्षं मी वाफ, औषधं, सूप, तारखा सांभाळलेल्या पोरीचा एकोणनव्वद. डॉक्टरांनी सांगितलेलं मला पाठ होतं. तरी मनात एकच चाले, तो आकडा माझ्या हातानं वर जावा आणि तिनं तो मला आधी सांगावा.

आमच्या घरांमध्ये जेवायला वाढताना दोनवर कुणाचा हात थांबत नाही. पाहुणा पान झाकून घेतो तरी आपण बोटांच्या फटीतून तिसरा मांडा सरकवतो, वर तुपाची धार धरतो. एका दुपारी मोहिनी झोपलेली असताना मी बोळात गेले आणि नॉब तसाच थोडा फिरवला. गोळी अडीचवर गेली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तीनवर नेली. मग साडेतीनवर, आणि तिथंच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते तेव्हा फोन वाजायच्या आधी मोहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली, नळी मागे ओढत. "आई, चौऱ्याण्णव."

तिनं मला मिठी मारली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "बघ, म्हटलं नव्हतं?"

पुढच्या दिवशीही चौऱ्याण्णव होता. तिचं डोकं दुखत होतं. मी म्हटलं ऊन फार आहे, आणि कांद्याची कोशिंबीर आणि ताक दिलं. ती दुपारी दोनला झोपली ती सहाला उठली आणि पुन्हा आडवी झाली. बोलताना शब्द जरा ओढायला लागली. मला दिसत होतं. मी स्वतःला सांगितलं, उद्या कमी करू, उद्याचा एक आकडा ऐकून.

गोळी साडेतीनवर नेल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी फोनवर तिनं आकडा सांगितला आणि पलीकडे कुंदाबाई म्हणाल्या, "आकडा चौऱ्याण्णव आनि आवाज असा? पोरी, जागी शे का तू?"

"झोप येतेय अक्का."

"माय कोठे शे तुन्ही?"

मी दारातच होते. बाहेर येऊन नॉबकडे जायला हवं होतं, पण मला वाटलं, ती बाई फोनवरून मला माझ्या मुलीबद्दल सांगणार. मी कणीक मळायला घेतली.

अकराच्या सुमारास मी मोहिनीला हाक मारली तर ती उठेना. खांदा हलवला, डोळे अर्धवट उघडून पुन्हा मिटले. मी तिच्या वडिलांना, गिरधररावांना, पाटबंधारे ऑफिसात फोन केला. ते यायच्या आधी फाटक वाजलं. कुंदाबाई उभ्या होत्या, भर उन्हात एकट्या चालत आलेल्या, ओठ निळसर, खांद्याला पिशवी. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. सरळ बोळात मशीनपाशी वाकल्या, काचेच्या नळीतली गोळी पाहिली आणि नॉब धरून हळूहळू दोनवर आणला.

त्याच क्षणी गिरधरराव दारात आले. त्यांना दिसलं ते एवढंच: मुलगी उठत नाही आणि परकी बाई मशीनच्या नॉबला हात घालून बसली आहे.

"काय करताय तुम्ही?" ते ओरडले.

कुंदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मी म्हटलं, "आधी रिक्षा बघा."

मोहिनी दोन दिवस दवाखान्यात होती. तोंडावर घट्ट मास्क बसवून मशीननं तिचा श्वास चालवला, साठलेला वायू बाहेर काढला. डॉक्टर म्हणाले, कुणीतरी फ्लो वाढवलेला आहे, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. गिरधरराव म्हणाले, "आमच्या मागं राहते ती बाई. रोज पोरीला काहीबाही शिकवते. माझ्या डोळ्यांनी पाहिलं." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोहिनीच्या पायावरची चादर नीट केली.

त्याच संध्याकाळी ते ललितच्या ओट्यासमोर जाऊन बोलून आले, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असं. तुमच्या आईनं माझ्या पोरीचा जीव घेतला असता, पुन्हा फोन करायचा नाही, घरी यायचं नाही. ललित उसळला होता म्हणे. कुंदाबाईंनी त्याचा हात धरला आणि एवढंच म्हणाल्या, "बरं भाऊ."

मला लाज वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर तिच्याखाली एक थंडावा होता. आता सातचा फोन येणार नव्हता.

तो आला नाही. मोहिनी घरी आली, सात वाजले, सव्वासात झाले. मी चहा नेला आणि विचारलं, "किती आहे?" तिनं ऑक्सिमीटर लावलाच नव्हता. नळी उशीवर पडली होती.

"घाल ना गं."

"घालते." तिनं घातली आणि मी बाहेर गेल्यावर काढली. चार दिवस हेच. मी जबरदस्तीनं बोट धरून पाहिलं तर शहाऐंशी, मग पंच्याऐंशी. तिनं पुन्हा कपाटातून स्कार्फ काढला. डॉक्टरांकडे तपासायला गेलो तेव्हा ते म्हणाले, ही असंच करत राहिली तर हृदयावर ताण येईल. मी घरी येऊन तिच्यापुढे हात जोडले.

"कुणाला सांगायचाय आकडा?" ती म्हणाली. मग उशीवरची नळी सरळ करत, "आई, अक्कांनी असं का केलं असेल? त्यांना तर सगळं माहीत होतं."

मी म्हटलं, "माणसाला वाटतं, जास्त दिलं की लवकर बरं होईल."

"त्यांना नसतं वाटलं," ती म्हणाली.

तिच्या त्या म्हणण्यात काही नव्हतं, शंका नव्हती, राग नव्हता. मी मात्र तिथं उभी राहू शकले नाही. पोरगी डोळ्यांदेखत खाली चालली होती आणि तिला वर ठेवणारं माणूस मी माझ्या तोंडानं काही न बोलता घालवलं होतं. आखाजीच्या आदल्या सकाळी मी तिच्या पलंगाशी बसले आणि सांगितलं.

ती रडली नाही. "किती केलं होतंस?"

"साडेतीनपर्यंत."

"किती दिवस?"

"चार."

"तेच ते चौऱ्याण्णव?"

"हो."

"मी तुला मिठी मारली होती," ती म्हणाली. "बाबांना सांग. आणि बाबा जिथं उभं राहून बोलले होते तिथं जाऊन सांग. चारचौघींत."

गिरधररावांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसून राहिले. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात.

दुपारी मी कुंदाबाईंच्या अंगणात गेले. दहा-बारा बायका पीठ बारीक चाळत बसल्या होत्या. कुंदाबाई खाटेवर होत्या. मी उभ्यानंच सांगितलं: नॉब मी वाढवला होता, यांनी कमी केला, यांनी पोरीला वाचवलं, आणि मी अकरा दिवस गप्प राहिले. चाळण्या थांबल्या. एक जण दुसरीला म्हणाली, "शिकेल-सवरेल लोकंबी असं करतस का?"

कुंदाबाई म्हणाल्या, "ऐकी लिधं ना बठ्ठ्यासनी? मंग हात चालाडा, पीठ काय आपेआप चाळाई जाई?" मग माझ्याकडे वळल्या, त्या जपून बोलायच्या भाषेत. "माझ्या ललितनं पण पहिल्या महिन्यात हेच केलं होतं ताई. पार पाचवर नेला होता. म्हणून तर पोरीचा आवाज ऐकल्याबरोबर मला कळलं. पण तो त्याच दिवशी कबूल झाला. तुम्हाला अकरा दिवस लागले."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं असतं तर तिनं आईचं घर सोडून कुठं जायचं होतं? मी वाट पाहत होते. रोज सातला फोन हातात घेऊन बसायचे आणि ठेवून द्यायचे." त्या थांबल्या, दम घेतला. "माझं नाव खराब झालं त्याचं मला वाईट वाटलं. ते मी विसरणार नाही. पोरगी कुठं आहे?"

पोरगी फाटकाशी होती, पिशवी खांद्याला लावून, स्कार्फशिवाय. ती माझ्या बाजूनं आत गेली आणि खाटेवर बसली. कुंदाबाईंनी तिचं बोट धरलं, ऑक्सिमीटर लावला आणि दोघी त्या छोट्या पडद्यावर वाकल्या. आकडा किती आला ते मला फाटकाशी ऐकू आलं नाही. मी घरी आले.

त्या संध्याकाळी मोहिनीनं मशीन बोळातून ओढून स्वतःच्या खोलीत नेलं. घरघर चालेल, गरम हवा चालेल म्हणाली. काचेच्या नळीवर दोनच्या रेषेपाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. मी दारात उभी होते.

"नॉबला यापुढे मीच हात लावेन," ती म्हणाली.

"बरं."

तिनं ऑक्सिजनला ओलावा देणारी मशीनवरची बाटली काढली, तिच्यातलं पाणी संपत आलं होतं. क्षणभर हातात धरून ठेवली, मग माझ्याकडे केली. "हिच्यात डिस्टिल्ड पाणी भरत जा. रोज सकाळी."

मी बाटली घेतली, धुतली, वरच्या खुणेपर्यंत भरली. आता ते काम माझं आहे. सातला मी बाटली बसवत असते तेव्हाच फोन येतो. कुंदाबाई विचारतात, मोहिनी सांगते, आणि मला अजूनही चांगलं वाटत नाही. मी झाकण घट्ट लावते आणि पाण्यात बुडबुडे येईपर्यंत थांबते.